स्पेसर : रुंदीचा हिशेब
लेखमाला ‘माती, चाक आणि यंत्र’ : भाग ९

मोठा टायर बसवला की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, तिथेच गेला भाग थांबला होता. स्टिअरिंग फुल लॉकला नेलं की टायरची आतली कड चॅसीला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घासते. त्यावर गॅरेजमध्ये सुचवला जाणारा सर्वांत स्वस्त आणि झटपट उपाय म्हणजे स्पेसर : हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती. ती चाकाला तेवढंच बाहेर ढकलते. त्यातले दोन प्रकार नीट वेगळे ओळखायला हवेत. पहिल्यात चकती नुसती सरकवून बसवतात आणि हबचेच स्टड तिच्यातून आरपार जातात. दुसऱ्यात चकती स्वतःच्या नटांनी हबला आवळली जाते आणि रिम तिच्या अंगच्या वेगळ्या स्टडांवर बसतं. पनवेलजवळच्या करंजाडे, खांदा कॉलनी, कळंबोली या पट्ट्यात थार आणि जिम्नी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत आणि त्यांपैकी काहींची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात. या गाड्यांसाठी स्पेसर हा तोट्याचा सौदा आहे, असं माझं मत आहे. त्याचा फायदा मिळतो तो मातीतल्या काही तासांत, आणि त्याची किंमत मात्र डांबरावरच्या उरलेल्या सगळ्या किलोमीटरांत भरावी लागते.

फायद्यापासून सुरुवात करू, कारण तो आहेच. दोन चाकांमधलं अंतर वाढलं की उतारावर आडवी उभी असलेली गाडी कलंडायला अधिक कोन लागतो. जिम्नीच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १३९५ मिमी आणि मागच्यांमधलं १४०५ मिमी, म्हणजे सरासरी १४०० मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर आहे असं सोयीसाठी धरलं, तर कागदावर ही गाडी ४५ अंशाच्या आडव्या उतारावर उलटण्याच्या काठावर येते. प्रत्यक्षात टायर आणि स्प्रिंग दबतात, त्यामुळे ती आधीच जाते. पण तुलनेपुरता हा आकडा चालतो. आता प्रत्येक बाजूला ३० मिमीचा स्पेसर घाला. कोन होतो सुमारे ४६.२ अंश. कमाई सव्वा अंशाच्या आसपास. पण स्पेसर सहसा एकटा येत नाही, त्याच्या जोडीला उंची वाढवणारं लिफ्ट किटही येतं. त्याने गुरुत्वमध्य ५ सेंमी वर चढला असं धरलं, तर कोन ४३ अंशांवर घसरतो आणि स्पेसर घालूनही तो ४४ च्या थोडासाच पुढे जातो. म्हणजे सगळा खर्च करून गाडी कंपनीतून आली होती त्यापेक्षा जरा जास्तच कलंडणारी झाली. हे गणित विक्रेता सांगत नाही. बाहेर आलेली चाकं पाहून ‘गाडी जमिनीला धरून बसली’ असं डोळ्यांना वाटतं, आणि एवढ्या खात्रीवर माणूस तिरक्या बांधावर गाडी घालतो, याची मला खरी काळजी वाटते.

आता खर्चाची बाजू. चाक गाडीला धरून ठेवतं कोण? बहुतेकांना वाटतं, स्टड. खरं तर नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो, त्या ताणाने रिम हबवर दाबलं जातं, आणि त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. दाब ढिला झाला की रिम सूक्ष्म सरकू लागतं, स्टडवर मागेपुढे वाकण्याचा ताण येतो आणि धातू थकून तुटतो. सरकवून बसवायच्या स्पेसरमध्ये स्टड तेवढाच राहिला, तर चकतीच्या जाडीइतके आटे वाया जातात. जिम्नीचा स्टड १२ मिमी व्यासाचा, त्याच्या आट्यांचं अंतर सव्वा मिमी. नट निदान व्यासाइतका तरी आत चढायला हवा, म्हणजे साधारण दहा फेरे. पाच-सहा फेऱ्यांत नट घट्ट झाला, तर तो घट्टपणा फसवा आहे. आवळून बसवायच्या प्रकारात ही अडचण नाही, पण तिथे एकाऐवजी दोन सांधे होतात, आणि हबलगतचे आतले नट चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत. शिवाय चकतीचं मधलं भोक हबवर अचूक बसलं नाही, तर चाक मध्यापासून हलतं आणि वेग घेतल्यावर थरथरतं.

करंजाड्याचं हवामान या सांध्याला अजिबात मानवणारं नाही. एका अंगाला गाढी नदी, जवळच पनवेलची खाडी. हवा दमट आणि खारी, आणि वर कोकणातले पावसाचे चार महिने. ॲल्युमिनियमची चकती लोखंडी हबला टेकून ओलाव्यात राहिली की दोन धातूंच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी पूड धरतं. कधी चकती हबला अशी चिकटते की हातोडीशिवाय सुटत नाही. नेरे-मालडुंग्याकडच्या वाटांवरचा चिखल या फटीत जाऊन वाळला, तर चकतीचं तोंड सपाट बसत नाही आणि आवळलेला दाब हळूहळू उतरतो. म्हणूनच चकती बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा तपासायला हवेत, आणि तेही टॉर्क पान्याने. एअर गनचा खटखटाट म्हणजे मोजमाप नव्हे. पण सोमवारी सकाळी हीच गाडी द्रुतगती मार्गावर किंवा जेएनपीटी रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत धावते. चाक वेगळं होण्याची जागा ही. आणि सुटलेलं चाक गाडीच्या मालकाला शोधत नाही, ते शेजारच्या दुचाकीस्वारावर जातं.

बेअरिंगबद्दल मात्र अतिशयोक्ती नको. एका चाकावर ३५० किलो भार असेल तर ३० मिमीचा स्पेसर बेअरिंगवर सुमारे १०० न्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर वाढवतो. वळणावर बाजूच्या बलाने येणारा जोर याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे बेअरिंग एका दिवसात जाणार नाही. पण बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं : भार दहा टक्के वाढला तर आयुष्य जवळपास पाव भागाने कमी. स्टिअरिंगचंही तसंच. चाक वळण्याच्या अक्षापासून टायर लांब गेला की खड्ड्याचा प्रत्येक हिसका हातापर्यंत येतो, आणि आपल्याकडे खड्डे शोधावे लागत नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा : गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्यांत याहून मोठे फेरफार असतात, मग आम्हालाच का अडवता? कारण त्या गाडीचं काम वेगळं आहे. तिथे वेग पायी चालण्याइतका, मदतीला मेकॅनिक हाताशी, आणि टप्प्याटप्प्याला नट तपासण्याची शिस्त. आपण फेरफार उचलतो, पण ती शिस्त उचलत नाही. दुसरा आक्षेप : पोर्शेसारखी कंपनी काही गाड्यांना स्वतःच स्पेसर देते आणि जर्मनीत तपासणी अहवाल असलेला स्पेसर रस्त्यावर चालतो. मान्य. पण तिथे त्या गाडीच्या हबसाठी मोजून बनवलेल्या, योग्य लांबीच्या स्टड-बोल्टसह येणाऱ्या आणि कागदपत्र असलेल्या चकतीची गोष्ट आहे. पाकिटावर ‘सर्व एसयूव्हींसाठी’ लिहिलेल्या चकतीची नाही. उलट ऑस्ट्रेलियात, जिथे ऑफ-रोडिंग रोजच्या जगण्याचा भाग आहे, तिथल्या फेरफारांच्या राष्ट्रीय नियमावलीत कंपनीने स्वतः न बसवलेल्या स्पेसरला परवानगी नाही.

आपल्याकडे कायदाही बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. अपघातानंतर विम्याचा दावा अडतो तोही इथेच.

टायर घासतो ही अडचण मात्र खरीच आहे. त्यासाठी आधी स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट थोडे बाहेर घेऊन पाहावेत. वळण जरा मोठं होईल, पण हबला हात लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर एक माप लहान टायर घ्यावा. चाक बाहेर आणायचंच असेल, तर कमी ऑफसेटचं, म्हणजे चकतीशिवायच चाक बाहेर काढणारं रिम बेअरिंगला आणि स्टिअरिंगला स्पेसरइतकाच त्रास देतं आणि कायद्याचा प्रश्नही तोच राहतो, पण त्यात सांधा एकच असतो आणि प्रत्येक नट बाहेरून दिसतो. ज्यांच्या गाडीत चकत्या आधीच बसलेल्या आहेत, त्यांनी पुढच्या द्रुतगती प्रवासाआधी चारही चाकं उतरवून आतले नट पाहावेत, हबची आणि चकतीची तोंडं तारेच्या ब्रशने साफ करावीत आणि नट नवीन बसवत असल्यासारखे मापाने आवळावेत. भोकाभोवती केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती चकती पुन्हा चढवू नये.