कागदावरची चूक आणि पंधरा खेपांचे आंबे

जून महिना लागला की आमच्या शाळेच्या कार्यालयासमोर पालकांची रांग लागते. कुणाच्या मुलाच्या दाखल्यावर ‘शेख’ असते आणि आधार कार्डावर ‘शैख’. कुणाचे नाव एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘महंमद’ आणि तिसऱ्यावर नुसते ‘मो.’ असते. “सर, एवढं एक अक्षर पेनानं नीट करून द्या ना,” असे पालक काकुळतीने म्हणतात. आम्हाला नाही म्हणावे लागते. जनरल रजिस्टर उघडायचे, पुरावा पाहायचा, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि मगच सही-शिक्क्याचा नवा दाखला द्यायचा, ही रीत आहे. पालक नाराज होऊन जातात. एका अक्षराला इतके महत्त्व कशाला, असे त्यांना वाटते.

त्या एका अक्षराची किंमत केवढी असू शकते, हे मे २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

नवी मुंबईत काय घडले?

भारतीय आंब्याला अमेरिकेचा दरवाजा २००७ साली पुन्हा उघडला. मुख्य अट अशी होती. कोयीत व गरात लपणारी कीड तिकडे जाऊ नये म्हणून आंब्यावर ठरलेल्या मात्रेची विकिरण प्रक्रिया झालीच पाहिजे. ही मात्रा किमान ४०० ग्रे इतकी आहे. सुरुवातीला हे काम नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात झाले. पुढे राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशी येथे केंद्र उभारले. प्रक्रिया होताना अमेरिकी कृषी खात्याचा अधिकारी हजर असतो. सर्व ठीक असेल तर तो ‘पीपीक्यू २०३’ नावाचा फॉर्म देतो. त्या फॉर्मशिवाय पेटी विमानात चढत नाही.

८ आणि ९ मे २०२५ रोजी वाशीला प्रक्रिया झालेल्या आंब्यांच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा या विमानतळांवर अडवल्या गेल्या. कारण म्हणून आंब्यात सापडलेली कीड दाखवलेली नव्हती. ‘पीपीक्यू २०३’ हा फॉर्म चुकीचा दिला गेला, असे कारण कळवण्यात आले. माल परत न्या किंवा तिथेच नष्ट करा, एवढेच दोन मार्ग ठेवले गेले. पिकत आलेला आंबा पुन्हा विमानाने आणण्याचा खर्च आंब्यापेक्षा जास्त होता. त्यामुळे माल तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांनी आपले नुकसान सुमारे ५ लाख डॉलर सांगितले. केंद्रावरच्या चुकीची शिक्षा आम्हाला का, असा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त आहे. परंतु बंदरावर उभा असलेला अधिकारी आंबा चाखून निर्णय देत नाही, तो कागद वाचतो. कागदावरचा विश्वास उडाला की चांगला मालही त्याच्या दृष्टीने संशयित ठरतो.

कागद ही एका सरकारची साक्ष

फळे, भाजीपाला, डाळी, मसाले परदेशी जातात तेव्हा त्यांच्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र जाते. निर्यातदार त्याला ‘फायटो’ म्हणतात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारावर ही व्यवस्था उभी आहे. “हा माल आम्ही तपासला आहे आणि तुमच्या देशाच्या अटींप्रमाणे तो कीडमुक्त आहे,” असे एक सरकार दुसऱ्या सरकारला लिहून देते. मासळीसारख्या मालासाठी निर्यात तपासणी यंत्रणेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते.

मांसाच्या निर्यातीत पशुवैद्यकीय दाखल्यासोबत हलाल प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. ऑक्टोबर २०२४ पासून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरातीसह १५ देशांना ‘हलाल’ म्हणून जाणाऱ्या मांसासाठी भारत सरकारच्या योजनेत मान्यता मिळालेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र चालते. म्हणजे आखातात बसलेले आपले नातेवाईक जे विश्वासाने खातात, त्या विश्वासामागेही असाच एक कागद उभा असतो.

दुरुस्ती होते, पण कशी?

माणसाकडून चूक होते. पेट्या ४८० असतात आणि ४०८ लिहिल्या जातात. खरेदीदाराचे नाव अर्धेच टंकले जाते. कंटेनरच्या सीलचा एक आकडा इकडचा तिकडे होतो. पिकाचे शास्त्रीय नाव चुकते. आयात करणाऱ्या देशाने मागितलेले जादा निवेदन लिहायचे राहून जाते. या सगळ्यासाठी नियमांत वाट आहे.

पहिला नियम असा की, खाडाखोड केलेला कागद बाद. निर्यातदाराने, त्याच्या एजंटाने किंवा वाहतूकदाराने पेन लावला, की ते प्रमाणपत्र अवैध होते. ज्या कार्यालयाने कागद दिला, दुरुस्तीचा अधिकार फक्त त्याचाच.

दुसरा नियम असा की, एकाच मालासाठी दोन कागद बाजारात फिरता कामा नयेत. जुने प्रमाणपत्र परत करायचे आणि मग नवे घ्यायचे. युरोपीय संघाने मांस-मासळीसारख्या मालाबद्दल २०२० साली केलेले नियम याबाबत फार स्पष्ट आहेत. नव्या प्रमाणपत्राला नवा क्रमांक असावा, त्यावर जुन्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि हे त्याच्या बदली दिले आहे असा उल्लेख असावा. म्हणजे चूक लपवायची नाही. चूक झाली होती आणि ती सुधारली आहे, हे उघड सांगायचे.

तिसरा नियम सर्वांत मोलाचा आहे. दुरुस्ती लिखाणाची होते, हकीकतीची होत नाही. लिहिताना चूक झाली, कागद फाटला किंवा हरवला, तर बदली कागद मिळतो. पण माल कोणता, कुठून आला आणि त्याच्याबद्दल कोणती हमी दिली, हे नव्या कागदाने बदलता येत नाही. तपासणी झालीच नसेल तर माल निघून गेल्यावर ‘तपासले होते’ असे कुणी लिहून देऊ शकत नाही. कागद उशिरा निघू शकतो, मात्र तपासणी माल निघण्यापूर्वीच झालेली असावी लागते.

आंब्यांच्या त्या खेपांचे दुःख इथेच होते. चूक नावाच्या स्पेलिंगची असती तर गोष्ट वेगळी होती. इथे ज्या प्रक्रियेच्या भरवशावर माल आत घ्यायचा, तिच्याच कागदावर बोट ठेवले गेले होते. आणि आंबा खुलाशासाठी थांबत नाही.

आपल्या अहमदपूरला याचे काय?

आपल्याकडे मोंढ्यात माल टाकला, काटा पावती घेतली, आडतीवरून पट्टी आणली की व्यवहार संपला, अशी सवय आहे. पण दिवस बदलत आहेत. मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याच लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही ते मिळाले आहे. आपली शिकलेली मुले शेतकरी कंपन्या काढत आहेत, दुबईतल्या मामूंच्या ओळखीने माल पाठवण्याच्या गोष्टी करत आहेत. त्यांनी हिंमत जरूर करावी. फक्त हे ध्यानात ठेवावे की, निर्यातीचा कागद बंदरावर सुरू होत नाही, तो शेतात सुरू होतो. बागेची नोंदणी, फवारणीची वही, तोडणीची तारीख आणि पेटीवरचा क्रमांक या साऱ्यांचा शेवट म्हणजे ते प्रमाणपत्र.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ट्रक निघण्यापूर्वी प्रमाणपत्र, बिल आणि पॅकिंग यादी शेजारी ठेवून दोघांनी वाचावे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचे. नाव, वजन, पेट्या, सील, तारीख सगळीकडे एकच हवे. खरेदीदाराकडून त्याच्या देशाच्या अटी आधीच लेखी मागवाव्यात. चूक दिसली तर एजंटाच्या ‘चालून जातं’वर विसंबू नये, त्याच दिवशी अर्ज करून मूळ कागद परत द्यावा. आणि घरातल्या ज्या मुलीला वा सुनेला नीट वाचता-लिहिता येते, तिच्या हाती हे काम द्यावे. वहीतली चूक शोधणारी नजर आमच्या वर्गांत मुलींकडे कमी नाही.

यंदाही जूनमध्ये ती रांग लागेल आणि आम्ही पुन्हा नाही म्हणू. पण आता रजिस्टर उघडण्याआधी रांगेतल्या पालकांना त्या पंधरा खेपांची गोष्ट सांगायचे आम्ही ठरवले आहे. खाडाखोड करून दिलेला दाखला आज मुलाच्या हाती पडेल, पण उद्या पासपोर्टच्या खिडकीवर तोच त्याला अडवेल. चार दिवस उशिरा मिळालेला खरा कागद मात्र त्याला जन्मभर पुरेल.