आगबोटीचे इंजिन आणि बॉयलरवाल्यांचे कसब

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके समुद्रकाठचे. पण उतारूंची आगबोट हा या भागाचा धंदा फारसा झाला नाही. कारण साधे आहे. १८६० च्या दशकात मुंबईहून सुरतेकडे जाणारी रेल्वे डहाणूवरून गेली आणि उतारू तिकडे वळला. दक्षिण कोकणाला मात्र रेल्वेसाठी १९९० चे दशक उजाडावे लागले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटच आधार होती. हाजी मंडळीही मुंबईहून जिद्दाला बोटीनेच जात. ती वाहतूक १९९५ मध्ये थांबली.

त्या काळच्या इंजिनखान्यात आपल्याच बोलीतले हुद्दे होते. भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, कोळसा पुरवणारा कोलवाला, तेल घालणारा तेलवाला, त्यांच्यावर टिंडल आणि सर्वांवर सारंग. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बहुतेक डेकवर असत. भट्टीजवळ पंजाब व सिल्हेटकडील लोक अधिक.

हे काम नुसत्या अंगमेहनतीचे नव्हते. जुन्या स्कॉच बॉयलरला थंड अवस्थेतून वर आणायला सुमारे एक दिवस-रात्र लागते. घाई केली तर पत्रे सारखे प्रसरण पावत नाहीत आणि सांधे गळू लागतात. काचेच्या नळीतील पाण्याच्या पातळीवरून नजर हलवता येत नाही. भट्टीचे छत पाण्याबाहेर उघडे पडले की पोलाद मऊ होऊन खाली बसते. पुढचे सांगायला नको. इंजिन चालू करण्यापूर्वी सिलिंडर गरम करून त्यांतले पाणी कॉक उघडून काढावे लागते. वाफ दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी राहिले तर सिलिंडरचे झाकण फुटते.

मग तीच वाफ लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तीन सिलिंडरांतून काम करत जाते आणि कंडेन्सरमध्ये तिचे पुन्हा पाणी होते. कंडेन्सरची एखादी नळी गळाली तर समुद्राचे खारे पाणी बॉयलरमध्ये शिरते आणि भट्टीवर थर धरतो. तेलवाला तर फिरत्या बेअरिंगवर हात ठेवूनच ते तापले की नाही ते ओळखी.

अशी इंजिने आजही उतारू वाहतात. न्यूझीलंडच्या वाकाटिपू सरोवरावरील 'अर्नस्लॉ' ही १९१२ ची बोट कोळशावर चालते. तासाला सुमारे एक टन कोळसा लागतो आणि उतारू वरून आगवाल्यांचे काम पाहतात. ब्रिटनमधील 'वेव्हर्ली' १९७४ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकली गेली होती. २०२० मध्ये नव्या बॉयलरांसह ती पुन्हा धावू लागली. म्हणजे जुने इंजिन टिकवायचे तर खर्च बॉयलरवर होतो, आणि ते हाताळणारा माणूस दुर्मिळ होत चालला आहे.

येथे आमच्या भागातील तरुणांचा संबंध येतो. डहाणूचे ५०० मेगावॅटचे वीजकेंद्र १९९५ पासून वाफेवरच चालते. कारखान्यांतही बॉयलर आहेत आणि तेथे बॉयलर अटेंडंटचे द्वितीय व प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र लागते. (१९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.) हे शिक्षण घेण्याजोगेच आहे, असे आमचे मत. परंतु हा कागद जहाजावर चालत नाही. तेथे खलाशाला सीडीसी लागते आणि इंजिनिअरला नौवहन महासंचालनालयाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, तेही वाफेच्या यंत्रासाठी असलेले.

तेव्हा 'परदेशी वाफेच्या बोटीवर नोकरी' म्हणून कोणी पैसे मागू लागला तर वाचक बंधूंनी एक गोष्ट करावी. भरती करणाऱ्याकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का, ते पाहावे. परवाना असला तरी नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेण्यास नियमांनी मनाई आहे. वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट आणि सीडीसी यांचा खर्च तेवढा स्वतःचा.