कुत्रा चप्पल का कुरतडतो?

गेल्या पावसाळ्यात बदलापूरचे एक जोडपे माझ्या दवाखान्यात आले. बरोबर नऊ महिन्यांचा लॅब्रॅडोर. अंगाने भरलेला, डोळे स्वच्छ, ताप नाही की जुलाब नाहीत. मी विचारले, "काय होतंय याला?" बाई म्हणाल्या, "याला काही होत नाही, डॉक्टर. आम्हालाच होतंय." त्यांनी पिशवीतून एक चप्पल काढून टेबलावर ठेवली. तिचा पट्टा आणि टाच गायब होती. त्या महिन्यातली ही चौथी. शिवाय सोफ्याचा कोपरा, मुलाचे भूगोलाचे पुस्तक आणि दाराची चौकट. "आम्ही बाहेर पडलो की हा सूड घेतो. संध्याकाळी आलो की मान खाली घालून कोपऱ्यात बसतो. म्हणजे चूक केलीय हे त्याला कळतं ना? कुणाला तरी देऊन टाकावं म्हणतोय आता."

हे शेवटचे वाक्य मी वर्षातून अनेकदा ऐकतो. चांगले घर मिळाले तर ठीकच. पण चपला फाडणारा, वाढलेला कुत्रा घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. मग एखाद्या रात्री तो दूर कुठेतरी सोडला जातो. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी कळत नाहीत, वाहने कळत नाहीत, अन्न शोधता येत नाही. चपलेपायी एवढी शिक्षा, आणि तीही गैरसमजातून. त्या गैरसमजाविषयीच आज बोलू.

मान खाली घालणे, कान पाडणे, नजर चुकवणे याला आपण अपराधीपणा समजतो. अमेरिकेतल्या बर्नार्ड कॉलेजच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याविषयी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १४ पाळीव कुत्री घेतली. "खाऊला तोंड लावायचं नाही" असे बजावून मालकाने खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. म्हणजे कुत्र्याने खाऊला तोंडही लावलेले नसताना "याने खाल्ला" असे सांगत. निष्कर्ष असा निघाला की मालक रागावला की कुत्रा अपराधी दिसतो; त्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नाही. उलट काही न करता बोलणी खाणारी कुत्रीच जास्त अपराधी दिसली. थोडक्यात, तो चेहरा आपल्या रागाला घाबरल्याचा असतो. सकाळी फाडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मार दिला, तर त्याला एवढेच कळते की घरचे माणूस दारात आले की मार बसतो.

मग कुत्रा चप्पल का कुरतडतो? पहिली गोष्ट, वस्तू ओळखायला आपल्याला हात आहेत, त्याला तोंड आहे. त्यात चपलेला आपल्या घामाचा वास, आणि ती चामड्याची असेल तर कुत्र्याच्या लेखी ते कातडेच. पण कुरतडण्याची कारणे घराघरांत वेगळी असतात. कारण ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

अंबरनाथच्या एका घरातले पिल्लू साडेचार महिन्यांचे होते. खुर्चीचे पाय, झाडूचा दांडा, मुलांची बोटे, काहीही त्याला चाले. त्याचे तोंड उघडून दाखवले तेव्हा घरच्यांना उलगडा झाला. पिल्लाला २८ दूधदात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात. आपल्या बाळाला दात येताना ते हाताला लागेल ते तोंडात घालते, तसेच हे. यावर मारणे हा उपाय नाही. फ्रिजमध्ये गार केलेले मोठे गाजर द्या, न फाटणारे रबरी खेळणे द्या. काही महिन्यांत हा जोर ओसरतो. मात्र जबडा भरत असताना, दीड वर्षापर्यंत, चघळण्याची हौस टिकते. पुढेही ती पूर्ण जात नाही आणि जाऊही नये. चघळण्याने कुत्रा शांत होतो.

दुसरे घर उल्हासनगरचे. एकत्र कुटुंब, तळमजल्यावर जीन्स शिवण्याचा कारखाना. तिथला कुत्रा क्षणभरही एकटा नसे, तरी रोज चप्पल पळवी. का? त्याने चप्पल उचलली की दोन पोरे मागे धावत, काका हसत, आजी ओरडत. चार खोल्यांत धमाल उडे. शहाणपणाने गप्प बसलेल्या कुत्र्याकडे कुणी पाहत नसे. चप्पल उचलली की सारे घर त्याचे. त्याच्या दृष्टीने हा दिवसातला सर्वांत चांगला खेळ होता. अशा वेळी पाठलाग करू नका. चपलेपेक्षा आवडीची वस्तू, चपातीचा तुकडा किंवा चेंडू, पुढे करा. तो तोंडातले टाकेल त्याच क्षणी "सोड" म्हणा आणि खाऊ द्या. आठ-दहा दिवस दिवसातून चार वेळा, आधी खेळण्यावर, मग इतर वस्तूंवर, असा सराव करा. नियम मात्र सगळ्या घराचा एकच हवा. एकाने हसायचे आणि दुसऱ्याने मारायचे, यात कुत्रा गोंधळतो.

या घरात मला काळजी वाटली ती जमिनीवर पडलेल्या दोऱ्यांची आणि बटणांची. गिळलेला लांब दोरा आतड्यांना चुण्या पाडून ती कापू शकतो. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, तसेच दवाखान्यात या. मोजे, लहान चेंडू, आंब्याची कोय, दाणे खाल्लेले मक्याचे कणीस या वस्तूही आतड्यात अडकतात. वारंवार उलट्या, खाणे बंद, शौचाला न होणे, पोट आखडून धरणे ही लक्षणे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

विषारी वस्तूंची यादी प्रत्येक घराने पाठ करावी: उंदराचे औषध, डांबरगोळ्या, आपल्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, चॉकलेट, द्राक्षे, मनुका, झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगगम. घड्याळातला किंवा रिमोटमधला चपटा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. उंदराच्या औषधाने तर पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मग रक्तस्राव सुरू होतो. म्हणून औषधाचे पाकीट घेऊन लगेच निघा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. वायर चावताना शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच कुत्र्याला हात लावा.

काय चघळायला द्यावे याची एक सोपी कसोटी आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबा. जराही खूण उमटली नाही तर ती दाताला फार कठीण, दाढ तडकेल. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. आणि जुनी चप्पल तर कधीच देऊ नका. जुनी आपली आणि नवी बाबांची, हा फरक त्याला कळत नाही. फर्निचरला मिरचीपूड लावण्याचा उपायही नको. ती डोळ्यांत जाते, आणि कारण तसेच राहते.

आता बदलापूरच्या त्या जोडप्याकडे येऊ. बदलापूर ते सीएसएमटी रेल्वेने ६८ किलोमीटर. दोघेही सकाळी सातच्या आत घर सोडत, परतायला रात्रीचे आठ. मुलगा शाळा आणि क्लास करून संध्याकाळी सहाला येई. म्हणजे नऊ महिन्यांचा, ताकदीने मुसमुसलेला कुत्रा रोज अकरा तास वन बीएचकेत एकटा. पाऊस सुरू झाल्यापासून फिरणेही बंद. मी विचारले, "नुकसान कुठं होतं आणि कधी?" शेजारच्या काकूंनी त्यांना सांगितले होते की यांची पाठ वळताच तो रडतो, दार ओरबाडतो. दाराची चौकट, खिडकी, म्हणजे बाहेर पडायच्या वाटा उकरणे आणि तेही माणसे गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, हे एकटेपणाच्या भीतीचे लक्षण असते. चपला आणि पुस्तक हा त्यानंतरच्या लांबलचक दुपारचा कंटाळा.

आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. चपला दाराच्या कपाटात आणि चार्जरच्या वायरी वर. सकाळी पाऊस असला तरी अर्धा तास फिरणे, आणि फिरताना त्याला मनसोक्त हुंगू द्यायचे. हुंगण्याने कुत्रा दमतो. निघताना पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून द्यायचा, म्हणजे तो चाटण्यात अर्धा तास जातो. दुपारी काकूंनी एकदा येऊन त्याला खाली न्यायचे. आणि सुटीच्या दिवशी एकटे राहण्याचा सराव: किल्ली उचलायची आणि पुन्हा बसायचे, मग दोन मिनिटे बाहेर, मग पाच, मग पंधरा. तो रडायला लागण्याआधी परत यायचे. जाताना-येताना लाडाचा गाजावाजा नको.

हे दोन दिवसांत होत नाही. पहिल्या पंधरवड्यात त्यांची आणखी एक चप्पल गेली आणि मला फोन आला. मी म्हटले, "कपाट उघडं कुणी ठेवलं होतं?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. इतके करूनही दार ओरबाडणे थांबले नसते तर औषधाचा विचार करावा लागला असता; काही कुत्र्यांना तो करावा लागतो.

कुत्रा आणण्याआधीच हा हिशेब घराने करावा. तो दिवसातले किती तास एकटा राहील, दुपारी कोण येईल, पावसात कोण फिरवेल? उत्तर नसेल तर पिल्लू आणू नये. आणल्यावर मात्र त्याला सोडून देणे किंवा आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणे ही १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणेही क्रूरता ठरू शकते.

दिवाळीनंतर ते जोडपे कुत्र्याला लस टोचायला घेऊन आले. देऊन टाकण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निघताना बाईंनी सांगितले की दुपारचे फिरणे आता काकू कुणालाही करू देत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)