पाकिटावरचं चित्र कुणाचं?

बचत गटांच्या कार्यक्रमानंतर आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यात गेल्या काही महिन्यांपासून एक नवा प्रश्न सारखा येतोय. नाचणीच्या पापडाचं पाकीट छापायचंय. पूर्वी त्यासाठी डीटीपीवाल्याकडे जायचं, तो ठरलेल्या दोन-चार चित्रांतलं एक दाखवायचा. आता घरातला भाचा मोबाइलवर एक ओळ लिहितो, ‘वारली चित्र, बायका जात्यावर दळताहेत’, आणि अर्ध्या मिनिटात चित्र हजर. तेही फुकट. मग ताई विचारतात, हे छापलं तर चालेल ना? कुणी भांडायला येणार नाही ना? आणि शेजारच्या गटानं हेच चित्र उचललं तर आम्हाला काही करता येईल का?

उत्तर द्यायचं तर आधी ते चित्र आलं कुठून हे बघायला हवं.

जर्मनीतल्या लायन नावाच्या संस्थेनं २०२२ मध्ये एक यादी खुली केली. इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याशेजारचा मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्यांची ती यादी. त्याच वर्षी गाजलेलं ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे एआय चित्रयंत्र याच संस्थेनं जमवलेल्या चित्रांवर शिकलं. शिकलं म्हणजे कसं? अंगणात रांगोळी काढलीय आणि वारा सुटलाय असं समजा. रांगोळी थोडी विस्कटली की यंत्राला सांगायचं, आधीची कशी होती ते ओळख. आणखी विस्कटली, पुन्हा ओळख. असं कोट्यवधी चित्रांवर, पुन्हा पुन्हा. शेवटी नुसती विखुरलेली पूड आणि ‘वारली’ हा एक शब्द दिला, तरी यंत्र त्यातून चित्र जुळवून आणतं. मूळ चित्रं त्याच्या पोटात अल्बमसारखी ठेवलेली नसतात. पण ती पाहिली नसती तर त्याला एक रेघही ओढता आली नसती. आणि ती पाहू का, असं चित्र काढणाऱ्यांना कुणी विचारलेलं नाही. सगळं भांडण इथून सुरू होतं.

आता वारलीचंच घ्या. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार भागात लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. मध्ये पालघट देवी. हा चौक लिहायचा मान सवाशिणींचा, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही चित्रं पिढ्यान् पिढ्या बायकांनी काढली आणि एकीनंही खाली सही केली नाही. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी हीच चित्रभाषा कागदावर, कापडावर आणली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे वारलीला नाव मिळालं हे खरंच. भिंतीवरच्या बायका मात्र बिननावाच्याच राहिल्या, हेही खरं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो माणसाला ओळखतो, शैलीला नाही. म्हशे २०१८ मध्ये गेले. कायद्यानं चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा, किंवा ज्यांच्या नावे तो लेखी केला असेल त्यांचा. त्यांचं एखादं चित्र जसंच्या तसं पाकिटावर छापलं तर तो गुन्हा. पण दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस काढणं, गोल धरून तारप्याभोवती नाचणारी माणसं काढणं, यावर कुणा एकाची मालकी नाही. यंत्र नेमकं या फटीतून आत येतं. ते कुणाचं एक चित्र चोरत नाही, सगळ्यांची सवय उचलतं.

मग वारलीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचं काय? मिळालंय, आणि ते चांगलंच झालं. पण ते मानांकन नावाचं रक्षण करतं. ‘वारली चित्र’ म्हणून माल विकायचा हक्क त्या भागातल्या नोंदणी केलेल्या कलाकारांचा. नाव न लावता कुणी तसली चित्रं काढली, तर मानांकन फारसं आडवं येत नाही. म्हणून पहिला सल्ला हा की यंत्राकडून काढलेलं चित्र छापायचंच असेल, तर त्याला ‘अस्सल वारली’ म्हणू नका. आणि लग्नाचा चौक, पालघट देवी हे तर पापडाच्या पाकिटावर घालूच नका. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा. कुणाच्या देवघरातली गोष्ट आपण फोडणीच्या हातानं उचलत नाही.

परदेशात हा वाद कोर्टात गेला आहे. अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी चित्रयंत्रांच्या कंपन्यांवर दावा लावला. २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यातला कॉपीराइटचा भाग पुढे चालू दिला. लंडनमध्ये गेटी इमेजेस ही फोटो विकणारी कंपनी लढली. यंत्रानं काढलेल्या काही चित्रांवर गेटीचा शिक्कासुद्धा वेडावाकडा उमटत होता! तरी नोव्हेंबर २०२५ च्या निकालात गेटीच्या पदरात थोडंच पडलं. शिक्क्याच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या बाबतीत काही अंशी म्हणणं मान्य झालं. पण यंत्रात चित्रांच्या प्रती साठवलेल्या नाहीत, तेव्हा यंत्र स्वतः ‘नक्कल’ ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. शिकवण्याचं काम ब्रिटनमध्ये झालं नव्हतं, त्यामुळे मुळातला प्रश्न तिथं सुटलाच नाही.

आता शेजारच्या गटाची गोष्ट. यंत्राचं चित्र मालकीचं कुणाच्या? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत सांगितलं की मजकूर आणि मांडणी लेखिकेची, पण यंत्रानं काढलेल्या चित्रांवर हक्क नाही. आपल्याकडे कायद्यात एक वाक्य आहे, की संगणकानं तयार झालेल्या कृतीचा कर्ता ती घडवून आणणारी व्यक्ती. हे वाक्य १९९४ चं. तेव्हा एका ओळीवर चित्र काढून देणारं यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एक ओळ लिहिणं म्हणजे चित्र ‘घडवून आणणं’ का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. गटानं त्या भरवशावर छपाईचे पैसे घालू नयेत असं आमचं मत. शेजारच्या गटानं चित्र उचललं तर तुमची बाजू लंगडी राहील. त्यापेक्षा नाव आणि बोधचिन्ह स्वतःचं करा, आणि त्याची ट्रेडमार्कसाठी नोंदणी करा.

चेहऱ्यांबद्दल एवढंच सांगतो. गटातल्या बायकांचे, मुलींचे फोटो गंमत म्हणून या यंत्रांत टाकू नका. कुणी फोटोची अश्लील मोडतोड केली, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं नाव न देताही तक्रार करता येते. तक्रारीआधी पडद्याचा फोटो आणि लिंक जपून ठेवा, कारण मजकूर काढला गेला की पुरावाही जातो.

आणि आमच्या ज्या मैत्रिणी स्वतः चित्रं काढतात, गोधडीचे नमुने बेततात, त्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. तुम्ही आधी काढून ठेवलेलं चित्र कुणी विकत घेतलं, तर कागद त्याचा, हक्क तुमचा. पण पैसे देऊन खास काढून घेतलेलं चित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक गिऱ्हाईक. लग्नाच्या फोटोंनाही हेच लागू आहे. म्हणून ऑर्डर घेताना साध्या कागदावर चार ओळी लिहा: हक्क माझ्याकडे राहील, तुम्ही एवढ्याच पाकिटांवर छापाल. हक्क द्यायचाच असेल तर तोही लेखीच द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. यंत्राला शिकवायला हे चित्र वापरायचं नाही, अशी ओळही आता घालायला लागा.

दिल्लीत यावर विचार सुरू आहे. केंद्राच्या उद्योग विभागाच्या समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये एक मसुदा मांडला. त्यात सुचवलंय की एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गानं मिळवलेलं सगळं साहित्य शिकायला वापरू द्यावं, कलाकाराला नकार द्यायची सोय नसावी, पण कमाईतून मोबदला द्यावा, आणि एका मध्यवर्ती संस्थेनं तो ज्यांचं काम आहे त्यांना वाटावा. मोबदला मिळणार हे ऐकायला बरं वाटतं. पण नकार देता येणार नाही, हे आम्हाला पटत नाही. आणि पैसे वाटायचे तर आधी नाव हवं, कुठलं काम कुणाचं याची नोंद हवी. गेरूच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार, हे त्या समितीला कुणीतरी विचारायला हवं. पालघर भागातल्या कुणी चित्रकार बहिणी ऐकत असतील, तर त्यांनी आम्हाला कळवावं. पुढच्या भागात त्यांनाच बोलायला बोलावू.