इंजिन थोडे मागे, थोडे वर

मालवणला किंवा गोव्याला गेला असाल तर एक होडी तुम्ही नक्की पाहिली असेल. तिच्या मागच्या बाजूला एक इंजिन टांगलेले असते. इंजिनाचे डोके पाण्याच्या वर, खाली एक लांब पाय पाण्यात, आणि पायाच्या टोकाला फिरणारा पंखा. होडी किनाऱ्याला लागताना नावाडी हे इंजिन तिरपे करून पाण्याबाहेर काढतो. याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात, म्हणजे होडीच्या बाहेर बसवलेले इंजिन.

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली असे इंजिन बाजारात आणले. त्याची ताकद होती फक्त दीड अश्वशक्ती आणि वजन सुमारे २८ किलो. सांगतात की एका उन्हाळी दिवशी तळ्याच्या पलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले. तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. गोष्ट कितपत खरी ते देव जाणे, पण इंजिन खरे. त्याच्या नावाची इंजिने पुढे २०२० पर्यंत बनत होती.

आज आपण अशाच एका होडीपुढचा एक पेच सोडवणार आहोत. होडी अमेरिकेतली आहे. तिकडे बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याचे मोठे वेड आहे. या माशाचा जागतिक विक्रम दहा किलोंच्या थोडा वर आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली तो नोंदला गेला, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. या माशासाठी खास बनवलेली 'बास बोट' १९४८ च्या सुमारास लुइझियाना राज्यात जन्माला आली. अंग ठेंगणे, तळ उथळ, बसायला सपाट फळ्या, आणि पकडलेले मासे जिवंत ठेवायला पाण्याची पेटी. स्पर्धा संपली की माशांचे वजन करून ते पुन्हा तळ्यात सोडायचे, ही चाल १९७२ पासून रुजली. इलिनॉय राज्यात तर २००९ पासून शाळांच्या अधिकृत बास-स्पर्धा होतात! होडीत दोन विद्यार्थी आणि चालवायला एक मोठा माणूस, अशी ही मंडळी निघतात.

आता समजा, तो मोठा माणूस तुम्ही आहात. तुमच्याजवळ साडेपाच मीटर लांबीची, तीस वर्षे जुनी, सेकंडहँड घेतलेली बास बोट आहे. मागे दीडशे अश्वशक्तीचे, दोनशे किलो वजनाचे इंजिन आहे. मित्र म्हणतो, "अरे, जॅकप्लेट बसव. होडी उडायला लागेल!" बसवावी की नाही?

जॅकप्लेट म्हणजे अॅल्युमिनियमची एक मजबूत चौकट. होडीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. एरवी इंजिन थेट ट्रान्समला बोल्टने आवळलेले असते. जॅकप्लेट या दोघांच्या मध्ये बसते. ती दोन कामे करते. एक, इंजिनाला दहा ते तीस सेंटिमीटर मागे ढकलते. दुसरे, त्याला वर-खाली सरकवता येते. साध्या प्लेटमध्ये हे काम पान्याने, होडी थांबवून करावे लागते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्लेटमध्ये चालता-चालता बटण दाबले की झाले. मोटारीचे चाक बदलताना जॅक लावतात, त्याची आठवण येते ना?

पण इंजिन वर उचलून मिळते काय? भरलेल्या बादलीत हात घाला आणि मनगटापर्यंत बुडवून वेगाने फिरवा. आता फक्त बोटांची टोके बुडवून फिरवा. फरक हाताला लगेच कळतो. इंजिनाचा पायही असाच पाणी कापत जातो आणि पाणी त्याला मागे ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट तर ओढ चौपट. म्हणून सावकाश जाणाऱ्या होडीला पाय चार सेंटिमीटर वर आहे की खाली याचे सुखदुःख नसते, पण ताशी नव्वद किलोमीटरने जाणाऱ्या होडीला ते फार जाणवते.

मग पाय हवा तेवढा वर का घेऊ नये? कारण पंख्याला पाणी हवे. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ आला की वरून हवा ओढून घेतो. हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी विरळ, तिला रेटून होडी पुढे कशी जाणार? इंजिन एकदम किंचाळते, फेरे भराभर वाढतात आणि होडी मात्र मंदावते. याला आपण 'पंखा हवा गिळतो' असे म्हणू. होडीवाले या प्रकाराला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते चूक आहे. कॅव्हिटेशन ही निराळी आणि अधिक नवलाची गोष्ट आहे.

डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते हे तुम्ही शिकला आहात. हवेचा दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या एका बाजूला दाब इतका घसरू शकतो की तिथे थंड पाणीच उकळू लागते! वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे जाऊन फटाफट फुटतात, आणि धातूला खड्डे पाडतात. चार्ल्स पार्सन्स या इंग्रज अभियंत्याला याचा चांगलाच फटका बसला. १८९४ साली त्याने 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यात सोडली. टर्बाइन झकास, पण नौका काही पळेना. पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरत होता. पार्सन्सने पाण्याची एक टाकी बनवून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, मग एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि नऊ पंखे बसवले. १८९७ साली राणीच्या आरमारी संचलनात ही चिमुकली नौका ३४ नॉटपर्यंत धावली आणि आरमाराच्या नौकांना तिला पकडता आले नाही.

आता आपल्या होडीकडे परत येऊ. इंजिन वर घ्यायचे आहे, पण पंख्याला पाणीही हवे. इथे मागे ढकलण्याची युक्ती कामी येते. होडी वेगात आली की नुसती तरंगत नाही, ती पाण्यावर चढून घसरत जाते. तिच्या तळाने पाणी खाली दाबलेले असते. ट्रान्सम ओलांडला की ते मोकळे होते आणि हळूहळू वर येऊ लागते. म्हणजे ट्रान्समच्या अगदी मागे पाण्याचा पृष्ठभाग खाली असतो, थोडे अंतर मागे गेले की तो उंचावतो. तिथले पाणी जरा शांतही असते. मिस्त्री लोकांचा ढोबळ नियम असा की इंजिन वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे नेले तर अडीच सेंटिमीटर वर घेता येते.

शिवाय रेटा मागे गेल्याने होडीचे नाक उचलायला तरफ लांब मिळते. तळाचा थोडाच भाग पाण्याला टेकतो आणि वेग वाढतो. हे सगळे जुळून आले तर ताशी चार-पाच किलोमीटर मिळू शकतात. तुम्ही हसाल, एवढ्यासाठी खटाटोप? पण हिशेब करा. वेग पाच टक्क्यांनी वाढवायचा तर, ओढ वर्गाच्या प्रमाणात धरून, ताकद घनाच्या प्रमाणात लागते. १.०५ चा घन १.१६ होतो. म्हणजे सोळा टक्के जास्त अश्वशक्ती! प्लेट ते काम इंजिन न बदलता करू पाहते.

तरीही वेगापेक्षा मला दुसराच उपयोग मोलाचा वाटतो. फ्लोरिडातले ओकीचोबी सरोवर पहा. जवळजवळ १,९०० चौरस किलोमीटर पसारा आणि सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर. काठाला लव्हाळी, खाली गाळ. तिथे बटण दाबून पाय उचलता येणे म्हणजे पंखा वाचणे. असे उथळ पाणी रोजचे असेल, तर मित्राचे म्हणणे ऐकायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. ट्रान्समवर पडणारा पीळ मोजू या. वजन गुणिले अंतर, म्हणजे परिबल. समजा इंजिनाचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून २० सेंटिमीटर मागे आहे. २०० किलो गुणिले ०.२० मीटर, म्हणजे ४० किलोग्रॅम-मीटर. आता २५ सेंटिमीटरची प्लेट लावली. अंतर झाले ४५ सेंटिमीटर, परिबल झाले ९०. प्लेटचे स्वतःचे वजन निराळे. इंजिन तेच, पण ट्रान्समवरचा पीळ दुपटीहून अधिक! आणि हा हिशेब होडी स्थिर असतानाचा. लाटेवरून उडून ती धपकन खाली आली की तोच पीळ काही पट होतो.

तुमची होडी तीस वर्षांची आहे हे विसरू नका. त्या काळच्या बऱ्याच होड्यांच्या ट्रान्सममध्ये फायबरग्लासच्या आत प्लायवूड असे. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की प्लायवूड आतल्या आत कुजते आणि बाहेरून रंग मात्र चकचकीत दिसतो. तपासायचे कसे? लहान हातोडीने सगळीकडे टकटक करा. घट्ट लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले भदभदते. मग इंजिन तिरपे करून कोणाला तरी हलकेच वर-खाली हलवायला सांगा आणि ट्रान्समकडे नीट पहा. तो इंजिनाबरोबर हलला तर प्लेटचा विषय तिथेच बंद. तसे इंजिन टांगून, मागे दोन शाळकरी मुले बसवून, ताशी नव्वदने जायचे? मुळीच नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून आठ मीटरहून लहान होडीच्या चालकाने वेगात असताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवणे कायद्याने भाग आहे. चालक फेकला गेला तर इंजिन थांबते. पण निखळून पडणारे इंजिन ती दोरी अडवू शकत नाही.

आणखी एक धोका दिसत नाही. आउटबोर्ड इंजिन तळ्याचेच पाणी ओढून स्वतःला थंड करते. पाणी घेण्याची छिद्रे पायावर, पंख्याच्या थोडी पुढे असतात. पाय फार वर घेतला की छिद्रांतून हवा शिरते. पंपातले रबरी चाक कोरडे फिरून खराब होते आणि इंजिन तापते. म्हणून प्लेटबरोबर पाण्याचा दाब दाखवणारे घड्याळ हवेच. मी तर म्हणेन, घड्याळ आधी घ्या आणि प्लेट मागून. वजन मागे गेल्याने उभी होडी मागे जास्त बुडते आणि वेग घ्यायला वेळ लावते, तेही ध्यानात असू द्या.

आणि खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग आहे. बहुतेक मोठ्या आउटबोर्ड इंजिनांच्या कंसाला बोल्टची भोके एकाखाली एक, सुमारे दोन सेंटिमीटरच्या अंतराने असतात. यारीने इंजिन धरून एक भोक वर चढवा. मग तळ्यावर जाऊन मोजमाप करा. समजा इंजिन मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि दंतचाकांमुळे पंखा त्याच्या १.८ पट हळू फिरतो. म्हणजे पंख्याचे ३,००० फेरे. पंखा स्क्रूसारखा एका फेऱ्यात ६० सेंटिमीटर पुढे जायला हवा. मिनिटाला १,८०० मीटर, ताशी १०८ किलोमीटर. प्रत्यक्षात होडी ९४ ने धावते. १४ किलोमीटर घसरणीत गेले, म्हणजे १३ टक्के. इंजिन वर घेतल्यावर फेरे वाढले आणि वेगही वाढला, तर ओढ खरोखर कमी झाली. फेरे वाढले पण वेग तिथेच, घसरण मात्र वाढली, तर पंखा हवा गिळू लागला. तेव्हा एक भोक खाली या. कधीकधी नुसता स्टीलचा, पात्यांच्या कडा वळवलेला पंखा लावला तरी काम भागते, कारण तो पाणी अधिक घट्ट धरतो.

तुमच्याजवळ बास बोट नाही, पण टबात हे थोडेसे पाहता येईल. वहीएवढा थर्मोकोलचा तुकडा घ्या. एका टोकाला फूटपट्टी अशी बांधा की तिचा निम्मा भाग बाहेर येईल. थर्मोकोलच्या कडेजवळ पट्टीवर पाच-सहा नाणी ठेवा आणि पाणी कुठे आले तिथे पेन्सिलीने खूण करा. मग नाणी पट्टीवरून एकेक सेंटिमीटर मागे सरकवत जा आणि प्रत्येक वेळी नवी खूण करा. शेवटी पुढचे टोक वर उचलले जाईल आणि नाणी घसरून बुडतील. किती सेंटिमीटरला बुडाली ते लिहून ठेवा, आणि मग थर्मोकोलच्या पुढच्या टोकावर एक नाणे ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा.