दाझाईचा योझो

जपानी लेखक ओसामू दाझाईची 'नो लाँगर ह्यूमन' ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. मी डोनाल्ड कीन यांचा इंग्रजी अनुवाद वाचला. जेमतेम दोनशे पानं, पण दमवणारी.

नायक योझो श्रीमंत घरातला. त्याला माणसांची भीती वाटते आणि ती लपवायला तो लहानपणापासून सगळ्यांना हसवत राहतो.

वडील टोकियोला निघताना विचारतात, पुस्तक आणू की सिंहाचा मुखवटा? त्याला काहीच नको असतं, उत्तर सुचत नाही. वडिलांचा चेहरा पडतो. मग रात्री तो गुपचूप उठतो आणि त्यांच्या वहीत मुखवट्याची नोंद करून येतो. वडील खूश! मला तर या एका प्रसंगातच सगळा योझो दिसला.

पुढे दारू, मॉर्फिन, मनोरुग्णालय.

दाझाई स्वतः १९३६ मध्ये व्यसनापायी अशाच रुग्णालयात होता. जून १९४८ मध्ये, ही कादंबरी मासिकात क्रमशः येत असतानाच, त्याने आयुष्य संपवलं. म्हणून लोक ती आत्मचरित्रासारखी वाचतात.

मला ते पटत नाही. योझोची गोष्ट त्याने लिहिलेल्या तीन वह्यांत येते; त्यांच्या आधी आणि नंतर दुसराच निवेदक बोलतो. शेवटी योझोला ओळखणारी एक बाई त्याच्याबद्दल जे सांगते, ते त्याच्या स्वतःच्या मतापेक्षा फार वेगळं आहे. ती पानं घाईत वाचू नका.

मन आधीच जड असेल तर पुस्तक सध्या बाजूला ठेवा. बोलावंसं वाटलं तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर आहे.

दाझाईचं आणखी काय वाचावं, कमेंटमध्ये विचारा. नक्की सांगेन.