मॅगव्हील, वजनं आणि हबीबगंजची काळी माती

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनाचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झालं, पण नाका, अंडरब्रिज आणि वस्ती अजून हबीबगंजच आहेत. इथल्या मराठी घरांची नागपूरला वर्षाकाठी एखादी तरी फेरी होतेच. शहरात गाडी छान चालते. मंडीदीप, ओबेदुल्लागंज मागे टाकून वेग नव्वदवर गेला की मात्र स्टिअरिंग थरथरू लागतं. भोपाळला परतल्यावर आपण दुकानदाराला सांगतो, "अलाइनमेंट करून टाका."

पहिली चूक हीच. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला सुरू होणारी आणि वेग बदलला की कमी-जास्त होणारी थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगची असते, म्हणजे चाकाचं वजन गोलाईभर सारखं वाटलेलं नसतं. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर आधी ब्रेकची डिस्क पाहावी.

"दहा-वीस ग्रॅमने एवढ्या मोठ्या गाडीला काय होणार?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. हिशेब सोपा आहे. टायरची त्रिज्या तीस सेंटिमीटर धरली, तर ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे पंधरा वेळा फिरतं. मध्यापासून वीस सेंटिमीटरवर १० ग्रॅम जास्त असतील, तर तेवढ्यानेच पावणेदोन किलोच्या आसपास ओढ तयार होते. ती प्रत्येक फेरीला दिशा बदलते, म्हणजे सेकंदाला पंधरा झटके. ३० ग्रॅमला हीच ओढ पाच किलोच्या वर जाते. वेग निम्मा केला तर ओढ चौथाई होते, म्हणून अरेरा कॉलनी ते दहा नंबर मार्केट या फेऱ्यांत काही जाणवत नाही. जाणवत नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र नव्हे.

पावसाळ्यात एक गोष्ट दुकानात जाण्याआधी घरीच करावी. भोपाळच्या आसपासची माती काळी आणि चिकट. कच्च्या रस्त्यावरून गाडी आली की ही माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळून घट्ट बसते. बाहेरून मॅगव्हील, म्हणजे अलॉयची रिम, चकचकीत दिसतं आणि आत मूठभर ढेकूळ असतं. ते तसंच ठेवून बॅलन्सिंग केलं तर मशीन चिखलाचंही वजन धरून हिशेब करतं, आणि दोन दिवसांनी ढेकूळ गळून पडलं की चाक पुन्हा बिघडतं. म्हणून आधी आतून पाणी मारून रिम धुवावी. कित्येकदा तेवढ्यानेच थरथर थांबते.

आता अलॉय रिमचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. "वजन ते वजन, ठोकलं काय नि चिकटवलं काय" हा समज मॅगव्हीलचं सर्वांत जास्त नुकसान करतो. लोखंडी रिमची कड पत्र्याची असते, तिच्यावर क्लिपचं वजन हातोडीने बसवण्याची पद्धत जुनी आणि ठीक आहे. अलॉयची कड ओतीव, जाड आणि वेगळ्या आकाराची असते. लोखंडी रिमची क्लिप तिच्यावर ठोकली की वरचा पारदर्शक लेप फुटतो. तिथे पाणी शिरतं, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले राहतात, आणि झीज ॲल्युमिनियमची होते. पांढरी भुकटी दिसते, लेपाला फोड येतात. ती झीज टायर टेकतो त्या जागेपर्यंत पोहोचली तर हवा हळूहळू कमी होऊ लागते आणि पंक्चर काही सापडत नाही.

याच्या उलट टोकाचा समजही चूक आहे. अलॉयवर क्लिप कधीच चालत नाही असं नाही. काही अलॉय रिमना क्लिपसाठीच कड दिलेली असते, पण वजन त्याच आकाराचं आणि लेप दिलेलं हवं. तसं दुकानात नसेल तर चिकटपट्टीची वजनंच घ्यावीत. ती आतल्या बाजूला लागतात, त्यामुळे दर्शनी भाग शाबूत राहतो. अट एवढीच की जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी केलेली असावी, वजन जोराने दाबलेलं असावं, आणि चाक फिरताना ते ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही हे पाहिलेलं असावं. शिवाय मशीनला अलॉयचा मोड आणि वजन लागणार आहे त्या जागेचं माप द्यावं लागतं. क्लिपच्या मोडवर आलेले आकडे चिकटपट्टीला लावले तर चाक बॅलन्स होतच नाही.

जुनी वजनं काढतानाही जपायला हवं. माझ्याच गाडीच्या एका रिमवर दुकानातल्या मुलाने स्क्रूड्रायव्हरने वजन उचकटलं. ओरखडा बोटभर होता. एका पावसाळ्यानंतर त्याच्या कडेने लेपाखाली पांढऱ्या रेषा पसरल्या. तेव्हापासून मी प्लास्टिकची पट्टी मागतो. टायर उतरवताना मशीनच्या जबड्यांवर आणि टायर चढवणाऱ्या डोक्यावर प्लास्टिकची आवरणं आहेत का, तेही पाहतो. यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो.

"मशीनवर शून्य आलं, काम झालं" हेही अर्धंच खरं. अनेक मशीन्स पाच ग्रॅमपर्यंतचा फरक शून्य म्हणून दाखवतात. चाक शंकूवर मध्यभागी बसलं नसेल, तर शून्य हे त्या वाकड्या बसण्याचं शून्य असतं. पडताळणी सोपी आहे: नट सैल करून चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि मशीन चालवा. आकडा वीस-पंचवीस ग्रॅमवर गेला, तर चूक चाकाची नाही, बसवण्याची आहे किंवा मशीनची.

एका बाजूला ऐंशी-शंभर ग्रॅम लागत असतील तर वजनांची माळ चिकटवू देऊ नका. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला की बरेचदा आकडा उतरतो. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हपाशी आणायची. एवढं करूनही आकडा मोठाच राहिला, तर रिम वाकलेली आहे का ते फिरवून पाहा. वाकलेली अलॉय तापवून, ठोकून सरळ करण्याचं आमिष टाळावं. या धातूला उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली ताकद अशा तापवण्याने कमी होते. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग तर नकोच.

नायट्रोजन भरल्याने बॅलन्सिंग सुधारत नाही. वजन शिशाचंच हवं हाही आग्रह नको: युरोपीय संघाने २००५ पासून मोटारींच्या चाकांवर शिसं बंद केलं, तिथे जस्ताची आणि लेप दिलेली पोलादी वजनं चालतात.

शेवटचं काम नटांचं. हवेच्या गनने करकचून आवळलेले नट रिमची नटाची बैठक दाबून टाकतात. नट आधी हाताने लावावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर ते एकदा पुन्हा तपासायचे असतात. नागपूरला निघाला असाल, तर इटारसीच्या अलीकडे-पलीकडे चहाला थांबाल तेव्हा चाकं गार होऊ द्या आणि मगच पाना लावा.